इथले तिथे किती धरतात?

इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष संपत आले, की काही घरांत एक नवा विषय निघतो. उरलेली दोन वर्षे अमेरिकेत केली तर? मुलगी उत्साहाने विद्यापीठांची नावे सांगते, आई राहण्या-जेवणाचे विचारते, आणि फी भरणारे बहुधा वडील असल्यामुळे ते थेट मुद्द्यावर येतात: "मग इथली दोन वर्षे वाया जाणार का?"

पदवीनंतर परदेशी जाण्याची वाट मराठी घरांना आता तोंडपाठ आहे. जीआरई, टोफेल, शिफारसपत्रे, आय-ट्वेंटी, व्हिसाची मुलाखत, बँकेचे कर्ज. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणी ना कुणी हे सगळे करून बसलेले असते. शिक्षण अर्धे सोडून तिकडे जाण्याची वाट मात्र वेगळी. तिथे हातात पदवी नसते. असतात त्या तीन-चार सत्रांच्या मार्कशीट, आणि त्यांतला एकेक विषय नव्या विद्यापीठात धरला जाईल की नाही, हा प्रत्येकाचा सुटा प्रश्न. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे. राहणे, जेवणे, थंडीचे कपडे यांविषयी त्यात काही नाही, आणि ते बरेच झाले.

वडिलांच्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देणारे सल्लागार शहरात पुष्कळ आहेत. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. विद्यार्थी किती शिकला याचा निवाडा तिकडे कुणी करत नाही. तो जे शिकला ते आपल्या कोणत्या विषयासारखे आहे, एवढेच ते विद्यापीठ पाहते, आणि तेही त्याच्यासमोर ठेवलेल्या कागदावरून. कागद बोलला नाही तर हुशारी उपयोगाची नाही. पुढची दोनशे पाने वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर बाकीचे नियम आपोआप उलगडत जातील.

पहिला घोटाळा होतो तो प्रवेश आणि क्रेडिट यांच्यात. प्रवेश मिळाला म्हणजे क्रेडिट मिळाले असे नव्हे. प्रवेशाची खिडकी वेगळी, क्रेडिटची वेगळी, आणि बऱ्याच विद्यापीठांत दुसरी खिडकी पहिलीचे काम संपल्यावरच उघडते. अमेरिकेत परदेशी शिक्षणाला मान्यता देणारे सरकारी खातेच नाही. १९७४ पासून न्यूयॉर्कमध्ये असलेली वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस किंवा मिलवॉकीची एज्युकेशनल क्रेडेन्शियल इव्हॅल्युएटर्स यांसारख्या संस्था विषयवार अहवाल करून देतात. विद्यार्थी त्यासाठी पैसे मोजतो आणि अहवाल हाती आला की काम झाले असे समजतो. पण तो अहवाल म्हणजे सल्ला. तो मानायचा की नाही हे विद्यापीठ ठरवते, आणि विद्यापीठातही शेवटचा शब्द बहुतेक वेळा त्या त्या विभागाचा असतो. गणिताच्या पेपरचे काय करायचे ते गणिताचा विभाग सांगणार.

मुळात क्रेडिट ही चीज ज्ञान मोजण्यासाठी जन्मालाच आली नाही. ती जन्मली पेन्शनमधून. पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा मिळवलेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये १ कोटी डॉलर देऊन कॉलेजच्या प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देणारी संस्था काढली. अडचण अशी, की त्या काळच्या अमेरिकेत कॉलेज कशाला म्हणायचे हेच ठरलेले नव्हते. हायस्कूलच्या वर न गेलेल्या संस्थाही स्वतःला कॉलेज म्हणवून घेत. तेव्हा कार्नेगी यांच्या संस्थेने अट घातली: जे कॉलेज प्रवेशासाठी हायस्कूलची १४ 'युनिट' मागेल, त्याच्याच प्राध्यापकांना पेन्शन. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात १२० तास. (चर्चच्या ताब्यातल्या कॉलेजांना ही पेन्शन नव्हती. त्यामुळे काही कॉलेजांनी चर्चशी असलेले नातेही सोडले. पेन्शनची ताकद आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.) कॉलेजे रांगेत आली, त्यांच्यामागून हायस्कुले आली. १९१० मध्ये याच संस्थेसाठी मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरने विद्यापीठांच्या कारभाराची तपासणी केली. कारखान्यात कामगाराच्या वेळेचा हिशेब मांडणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांच्या पठडीतला हा माणूस. एका विद्यार्थ्याचा एक तास हे माप त्याने विद्यापीठाला लावले. पुढे फुकट पेन्शन संस्थेला परवडेना, आणि १९१८ मध्ये त्या जागी वर्गणीवर चालणारी विमा कंपनी आली. तासांचा हिशेब मात्र कायमचा राहिला.

हा इतिहास मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. त्याने त्यांचा राग थोडा निवतो. आपले शिक्षण तिकडे कमी लेखले गेले असे त्यांना वाटत असते. प्रत्यक्षात समोरचा कारकून तास मोजत असतो.

आता थोडे गणित, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. १२० क्रेडिट म्हणजे किती शिक्षण? इंग्लंडमध्ये एक वर्ष. भारतात नव्या आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी. अमेरिकेत चार वर्षांची पदवी. आकडा एकच, अर्थ तीन. इंग्लंडमध्ये एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण १० तासांचे काम, आणि वर्षाला १२० क्रेडिट. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत एक क्रेडिट २५ ते ३० तासांचे, वर्षाला ६०. अमेरिकेत एक क्रेडिट म्हणजे सुमारे १५ आठवडे दर आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर दोन तास, म्हणजे ४५ तास, आणि वर्षाला ३० क्रेडिट. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट ३० तासांचे आहे, वर्षाला ४०. गुणाकार करून पाहिला तर इंग्लंडचे वर्ष १२०० तासांचे, आपलेही १२०० चे, अमेरिकेचे १३५० चे आणि युरोपचे १५०० ते १८०० चे. कागदावर तरी विद्यार्थी सगळीकडे वर्षभर साधारण सारखाच राबतो.

म्हणून क्रेडिट बदलून देणारे लोक आकड्याला आकडा लावत नाहीत, वर्षाला वर्ष लावतात. भारतातले पूर्ण वर्ष, मग ते ४० क्रेडिटचे असो, ४४ चे असो किंवा जुन्या पद्धतीने नुसत्या गुणांचे असो, अमेरिकेत साधारण ३० क्रेडिटचे होते. दोन वर्षांत ८० क्रेडिट मिळवलेली मुलगी अहवालात ६० पाहते आणि २० कापले म्हणून हळहळते. काहीही कापलेले नसते. तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे कोडेही याच हिशेबात सुटते. तीन वर्षांचे ९० होतात, अमेरिकन पदवी १२० ची असते, आणि मधले ३० म्हणजे शाळेची बारा वर्षे धरून ते गाजलेले 'सोळावे वर्ष', ज्यासाठी आपल्या कितीतरी पदवीधरांना एमएसचा अर्ज करण्याआधी एम.एस्सी.चा पहिला भाग करावा लागला.

गणित इथे संपते आणि खरी झटापट सुरू होते. साठ क्रेडिट मिळाले म्हणजे पदवीतले साठ कमी झाले असे नसते. प्रत्येक विषयापुढे तिकडचा अधिकारी शेरा लिहितो: हा आमच्या अमुक विषयाच्या तोडीचा, हा आमच्या विभागात ऐच्छिक म्हणून चालेल, हा नुसताच ऐच्छिक, आणि हा नाही. तिसऱ्या शेऱ्याने विद्यार्थी सर्वांत जास्त फसतात. क्रेडिट मिळाल्याचा आनंद होतो, पण पदवीला लागणाऱ्या विषयांच्या यादीतले काहीच कमी होत नाही. घर बदलताना सगळे सामान टेम्पोतून सुखरूप आले आणि थेट माळ्यावर गेले, तसे हे.

आपल्या पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग मॅथ्सचेच उदाहरण घ्या. एम-वन आणि एम-टू या पेपरांत थोडे मॅट्रिक्स, थोडे आंशिक विकलन, थोडी विकलक समीकरणे, थोडी बहुसंकलने असे सगळे असते. तिकडे कॅल्क्युलस एक, दोन, तीन, लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरेन्शिअल इक्वेशन्स असे वेगवेगळे विषय असतात. आपला एक पेपर त्यांच्या तीन-चार विषयांना स्पर्श करतो आणि एकही पुरा भरत नाही. त्यात लिमिट आणि साधे विकलन आपण बारावीत उरकलेले असते. बारावी म्हणजे शाळा, तिचे क्रेडिट नाही. परिणामी बहुसंकलने सोडवणारा मुलगा कॅल्क्युलस एकच्या वर्गात बसतो. यावर अनेक विभागांत तोड असते. विषयाची परीक्षा देऊन क्रेडिट मिळवता येते, किंवा अभ्यासक्रम पुढे ठेवून फेरविचार मागता येतो. पण मागावा लागतो. आपल्या मुलांना वरिष्ठांकडे मागायची सवय नसते. शेरा आला, मान खाली घातली.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगची गोष्ट याहून गमतीची. आपण फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकतो, अमेरिका थर्ड अँगल वापरते. मिनी ड्राफ्टरने रात्र रात्र जागून काढलेल्या शीटचे तिकडे संगणकावरच्या ड्रॉइंगशी जमवायचे कसे? वर्कशॉपमध्ये कानस घासून केलेल्या फिटिंगच्या जॉबला तर बहुतेक ठिकाणी जोडच सापडत नाही. कॉमर्सच्या मुलांचे वेगळेच. फायनान्शिअल अकाउंटिंग, कॉस्टिंग, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र सहसा सुटते. आयकर, जीएसटी, कंपनी कायदा भारतात राहतात. ते स्वाभाविकच आहे, भारतीय आयकर ओहायोत कुणाला हवा? उलट बाजूने काही विषय अंगावर येतात. अमेरिकन पदवीत विषयाबाहेरचा मोठा भाग असतो: इंग्रजी लेखन, इतिहास, कला, समाजशास्त्र. टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठांत तर राज्याच्या कायद्यानेच अमेरिकन इतिहासाचे ६ आणि शासनव्यवस्थेचे ६ क्रेडिट सक्तीचे आहेत. नाशिकहून कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला गेलेल्या मुलीला टेक्सासची राज्यघटना वाचावी लागते. मला यात वाईट काही दिसत नाही, पण फीचा हिशेब करताना ते बारा क्रेडिट धरलेले असावेत. कधी कधी फायदाही होतो: जिथे परकी भाषा सक्तीची असते, तिथे दुसऱ्या भाषेत शाळा शिकलेल्यांना अनेक विद्यापीठे त्यातून सूट देतात. मराठी माध्यमाचा दाखला असा अनपेक्षित ठिकाणी कामी येऊ शकतो.

काठावर पास झालेले विषय बहुतेक ठिकाणी जात नाहीत. तिकडच्या 'सी'च्या तोडीचे गुण लागतात. एटीकेटी लागलेला विषय नंतर सुटला असेल, तर प्रयत्नांचा तपशील ट्रान्सक्रिप्टमध्ये जसाच्या तसा द्यावा. लपवाछपवी उघडकीला आली तर प्रवेशच जातो. क्रेडिट जातात, पण श्रेणी सहसा जात नाहीत, हे मात्र अनेकांना उशिरा कळते. जीपीए नव्या विद्यापीठात शून्यापासून सुरू होतो. इथे अडखळलेल्याला ही नवी पाटी मिळते, इथे पहिल्या आलेल्याची पाटी पुसली जाते. आणि कितीही क्रेडिट नेले तरी पदवीपैकी ठरावीक भाग, पुष्कळ ठिकाणी किमान ३० क्रेडिट, त्याच विद्यापीठात करावा लागतो. काही ठिकाणी निम्मी पदवी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज तर मधूनच येणाऱ्याला घेतच नाहीत. प्रिन्स्टनने १९९० नंतर जवळजवळ तीन दशके हे दार बंद ठेवले होते, ते २०१८ मध्ये किलकिले केले.

हे सगळे परदेशी विद्यार्थ्यांवरच ओढवते असा समज नको. अमेरिकेतल्या अमेरिकेत कॉलेज बदलणाऱ्यांचेही हाल होतात. तिथल्या संसदेसाठी तपास करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ मध्ये अंदाज दिला, की कॉलेज बदलताना विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट गळतात. हा आकडा मी जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. ज्यांची भाषा, पद्धत, ट्रान्सक्रिप्ट सगळे एकाच देशाचे, त्यांची ही गत. कॅनडात ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांताने कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठे चालतो याची जाहीर यादीच ठेवली आहे. तिथे आधी स्थानिक कॉलेजात दोन वर्षे आणि मग विद्यापीठ हा रस्ता त्यामुळे पुष्कळ सरळ आहे. पुणे किंवा कोल्हापूरहून जाणाऱ्यासाठी अशी यादी कुणी केलेली नाही. त्याची यादी त्याने स्वतः बांधायची.

ती बांधायची कशाने? सिलॅबसने. मार्कशीटपेक्षा सिलॅबस महत्त्वाचा, हे वाक्य या पुस्तकात लेखिकेने ठिकठिकाणी लिहिले आहे, आणि ते संपादकांनी कुठेही काढले नाही याचा मला आनंद आहे. 'अप्लाइड सायन्स - २' या नावावरून समोरच्याला काहीही कळत नाही. प्रत्येक प्रकरण, त्याचे तास, प्रयोगांची यादी, संदर्भग्रंथ एवढे दिसले की त्याला आपल्या विषयाशी ताडून पाहता येते. आपल्याकडे अडचण दुहेरी आहे. शिकवते कॉलेज, पदवी देते विद्यापीठ, आणि अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नवा पॅटर्न असतो, तुम्ही शिकलेले असता जुना. तुमच्या बॅचचा सिलॅबस, त्यावर वर्ष आणि पानोपानी कॉलेजचा शिक्का, हे काम पाच मिनिटांचे वाटते, त्याला पाच आठवडे लागू शकतात. टर्मवर्क, ओरल आणि प्रॅक्टिकल ही गुणांची खाती काय आहेत, हेही एका वेगळ्या पानावर समजावून सांगावे. अमेरिकेतल्या माणसाला 'टर्मवर्क २५ पैकी २२' याचा बोध होण्याचे काही कारण नाही.

अर्धे शिक्षण एका देशात, अर्धे दुसऱ्यात, या प्रकाराला महाराष्ट्रात शंभर वर्षांची परंपरा आहे, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण सर्वांना माहीत असूनही या बाजूने कुणी पाहत नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये प्रबंध लिहून लंडनला आले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही घातले. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी दिली होती. ती मुदत टळण्याआधी, १९२० मध्ये, पैसे जमवून ते परत गेले. कोलंबियाची एम.ए. असताना लंडनची एम.एस्सी. त्यांनी वेगळी केली, १९२१ मध्ये, आणि मग १९२३ मध्ये डी.एस्सी. इकडे कोलंबियाची पीएच.डी. कागदोपत्री मिळाली ती १९२७ मध्ये, प्रबंध पुस्तकरूपाने छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे गेल्यानंतर. काम झाले १९१६ मध्ये, शिक्का उमटला अकरा वर्षांनी. शिक्षण थांबले तरी त्याची नोंद जिवंत ठेवणारी ती चार वर्षांची परवानगी आजच्या विद्यार्थ्यानेही नीट पाहावी. सोडताना रीतसर पत्र घेऊन सोडलेले आणि नुसतेच उठून गेलेले, यांत पुढे फार मोठा फरक पडतो.

युरोपात विचार उलट्या टोकाकडून होतो. १९९७ च्या लिस्बन करारानुसार दुसऱ्या देशातले शिक्षण नाकारायचे असेल, तर त्यात लक्षणीय फरक आहे हे नाकारणाऱ्याने दाखवायचे, आणि हा नियम अर्ध्या राहिलेल्या शिक्षणालाही लागू आहे. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर तिथल्या पदव्यांचे साचेही एकमेकांशी जुळत आले. म्हणून लिस्बनचा विद्यार्थी एक सत्र क्राकोला करून येतो आणि त्याचे फारसे काही बिघडत नाही. भारत या करारात नाही. तरी त्या विचाराची सावली आपल्या विद्यार्थ्यांवर थोडी पडते. जर्मनीचेच पाहा. तिकडे आपल्या नुसत्या बारावीवर थेट विद्यापीठात प्रवेश मिळत नाही, एरवी वर्षभर पूर्वतयारीच्या कॉलेजात बसावे लागते. पण भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे केले, की त्याच शाखेत थेट दार उघडते. जेईई ॲडव्हान्स्ड पार केलेल्यांनाही तांत्रिक शाखांसाठी तसेच. इथले पहिले वर्ष तिथे क्रेडिट म्हणून धरले जाईल न जाईल, प्रवेशाची किल्ली म्हणून त्याचे मोल पूर्ण असते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रे तपासणाऱ्या एपीएस या जर्मन कार्यालयाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेवढे वेळापत्रकात धरून ठेवावे.

वैद्यकीय शाखेबद्दल लेखिकेने एकच प्रकरण लिहिले आहे आणि ते सर्वांत कडक भाषेत आहे. योग्य केले. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि हजारो भारतीय विद्यार्थी, त्यांत महाराष्ट्राच्या शहरांतले आणि तालुक्यांच्या गावांतलेही पुष्कळ, शिक्षण अर्धे टाकून परतले. कुणाचे तिसरे वर्ष, कुणाचे पाचवे. इकडच्या मेडिकल कॉलेजांत सामावून घ्या, ही त्यांची मागणी होती. कायद्यात तशी तरतूद नाही, असे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. दुसऱ्या देशात जावे, तर आपल्याकडचा नियम असा, की परदेशी एमबीबीएसचे सगळे शिक्षण एकाच संस्थेत झालेले हवे. २०२१ च्या नियमांत तर किमान ५४ महिने आणि त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, असे स्पष्ट आहे. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वाट काढली: तात्पुरते दुसऱ्या देशात शिका, पदवी मात्र मूळच्या युक्रेनी विद्यापीठाचीच हवी. २०२३ मध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांना भारतात एमबीबीएसची परीक्षा देण्याची एकदाच संधी मिळाली, आणि नंतर दोन वर्षांची इंटर्नशिप. क्रेडिट नावाची गोष्ट जिथे कायद्याला मान्यच नाही, तिथे युद्धसुद्धा सबब होत नाही, हे त्या मुलांनी दोन वर्षे रोज अनुभवले. मध्य आशियातल्या किंवा जॉर्जियातल्या एका कॉलेजातून दुसऱ्यात 'ट्रान्सफर' करून देतो म्हणणारे एजंट आजही भेटतात. त्यांच्याकडे आधी एवढेच विचारावे, की परत आल्यावर आयोगापुढे ही पदवी चालेल असे लिहून देता का.

आपल्याकडच्या नव्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात. २०२१ पासून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. विद्यार्थ्याचे क्रेडिट तिथे जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. देशातल्या देशात तिचा उपयोग होईल. परदेशी विद्यापीठ त्या खात्याला बांधील नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्यापेक्षा परदेशी जाणाऱ्याला उपयोगी नियम मे २०२२ चे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या या नियमांनुसार भारतीय आणि परदेशी संस्था मिळून अभ्यासक्रम चालवू शकतात. ट्विनिंगमध्ये ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशातून घेता येतात आणि पदवी भारतीय संस्थेची मिळते. संयुक्त आणि दुहेरी पदवीचे हिशेब वेगळे, ते पुस्तकात आहेत. दोन वर्षे इथे आणि दोन तिकडे ही कल्पना काही नवी नाही. मणिपालने ती १९९० च्या दशकातच सुरू केली होती, आणि तिथून गेलेल्या मुलांना कुठला विषय धरला जाईल हे निघण्याआधीच माहीत असे. माझे मत विचाराल तर ज्याला पहिल्या दिवसापासूनच मधून जायचे आहे, त्याने अशा ठरलेल्या करारातूनच जावे. फी जास्त वाटते, पण गळणाऱ्या सत्रांची किंमत धरली की ती तितकी जास्त उरत नाही.

आणि ज्याचे तिसरे वर्ष संपून चौथे लागले आहे, त्याने हे पुस्तक मिटून ठेवावे. पदवी पूर्ण करावी आणि मग जावे. प्रकाशकांना हे वाक्य आवडणार नाही. पण निम्म्याहून अधिक शिक्षण झाल्यावर मधून उठण्यात, किमान क्रेडिट तिकडेच करण्याच्या अटीमुळे, झालेलेच पुन्हा करण्याचा भाग फार मोठा होतो, आणि डॉलरमधली फी क्रेडिटमागे मोजली जाते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या फी भरणाऱ्या वडिलांसाठी हे पुस्तक आहे.

त्यांना एक व्यावहारिक सूचना. अमेरिकेत ऑगस्टच्या सत्रासाठी मधून येणाऱ्यांचे अर्ज बहुतेक ठिकाणी वसंत ऋतूतच बंद होतात, तेव्हा आपल्या चौथ्या सत्राची परीक्षाही झालेली नसते. म्हणजे प्रवेशाचा निर्णय तीन सत्रांवर होतो आणि क्रेडिटचा अंतिम हिशेब चौथ्याचा निकाल गेल्यावर. प्रवेशाचे पत्र आल्यावर अनामत भरण्याआधी त्या विद्यापीठाकडे विषयवार तात्पुरता हिशेब लेखी मागावा. काही विद्यापीठे देतात, काही देत नाहीत. जे देत नाही त्याच्याबाबत पुन्हा विचार करावा. आणि सिलॅबसवरचे शिक्के दिवाळीच्या सुट्टीआधी उरकून घ्यावेत, कारण त्यानंतर कॉलेजचे ऑफिस आधी परीक्षांत आणि मग गॅदरिंगमध्ये गुंतलेले असते.